तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ मेमकॉपी का नाही?

ड्रायव्हर लिहायला शिकणारा प्रत्येक जण मला हे विचारतो. यूझरच्या प्रोग्रॅमने दिलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, हातात आहे, सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागितलेलं काम) चालू असताना प्रोसेसची मेमरीही मॅप असते, मग मेमकॉपीने सरळ बाइट उचलायचे सोडून कॉपी_फ्रॉम_यूझर या कर्नलच्या तपासून कॉपी करणाऱ्या फंक्शनचे सोपस्कार कशाला? त्यात त्याचा हिशेबही उलटा: किती बाइट आले ते नाही, किती राहिले ते सांगणार. शून्य म्हणजे फत्ते.

ठरलेलं उत्तर देते. आलेला पत्ता कर्नलचाच असू शकतो. 2017 साली लिनक्स 4.13 मध्ये वेटआयडी या सिस्टिम कॉलमध्ये एवढीच तपासणी राहून गेली आणि साध्या यूझरला कर्नलच्या मेमरीत लिहिता येऊ लागलं. पत्ता खोटा असेल तर एक्सेप्शन टेबलमुळे (चूक झाली तर कुठून सावरायचं याची कर्नलकडची यादी) ईफॉल्ट, म्हणजे 'पत्ता चुकीचा' हा एरर, परत जातो, मशीन कोसळत नाही. स्मॅप (कर्नलला यूझरच्या मेमरीत सरळ शिरू न देणारी सोय) असलेल्या प्रोसेसरवर सरळ हात घातलात की ऊप्स, म्हणजे कर्नलमधलाच एरर. 'माझ्याकडे चालतं' हे मला सांगू नका. जुन्या मशीनवर माझंही चालायचं.

पण खरं सांगायचं तर मला हे वळण लागलं ते मेमकॉपीमुळे नाही. मी कॉपी_फ्रॉम_यूझरच वापरलं होतं. दोनदा.

एक आयॉक्टल, म्हणजे ड्रायव्हरला खास आज्ञा द्यायचा कॉल, होता. आधी हेडर, त्यात लांबी, मागे डेटा. मी हेडर कॉपी केला, लांबी तपासली, तेवढाच बफर घेतला आणि मग पूर्ण निरोप पहिल्या बाइटपासून पुन्हा कॉपी केला. बफरमध्ये मावला, छान. पुढे बाइटक्रम उलटवणारा लूप मात्र या दुसऱ्या प्रतीतली लांबी वाचत होता. तपासली होती ती पहिली.

वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड एकच बफर वापरत होते. हल्ला वगैरे काही नाही, निव्वळ गबाळेपणा. माझ्या दोन कॉपींच्या मधे 64 चे 4000 झाले आणि लूप शेजाऱ्यांच्या मेमरीत घुसला. क्रॅश दिसायचा भलत्याच ड्रायव्हरमध्ये, तोही दोन-दोन दिवसांनी. तीन आठवडे मी रॅमला दोष दिला. हार्डवेअरवाल्यांशी भांडले, त्यांनी रॅम बदललीही. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, 'नियम तर पाळला होता ना!' पाळला होता, बाई. कॉपी कशासाठी करतात तेवढं कळलं नव्हतं: यूझरला बदलता येणार नाही अशी एकच प्रत हातात असावी म्हणून. दुरुस्ती एका ओळीची निघाली, दुसऱ्या कॉपीनंतर पहिली लांबी परत लिहायची. याला डबल फेच म्हणतात हे मला नंतर कळलं.

आता तुम्ही म्हणाल, लिनक्सची आयओ_यूरिंग ही वाचन-लेखनाची सोय 2019 पासून यूझर आणि कर्नलमध्ये सामायिक रिंग (दोघांनाही दिसणारी गोल रांग) वापरतेच की. वापरते. तिथेही कुठला आकडा किती वेळा वाचला याचं भान ठेवावं लागतं, पण कॉपीचा खर्च वाचतो हे मी नाकारत नाही. मोठ्या डेटासाठी सामायिक बफरचा एक पॅच मीच लिहून ठेवलाय. अजून पाठवला नाही. पुसलेलाही नाही.