बेसच्या व्हॉल्यूमची खरखर

माझ्या बेस गिटारचा व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की अँपमधून (अँप्लिफायरमधून) खर्र असा आवाज यायचा, तोही नेमका हळुवार जागी. दोष नॉबचा नसतो, खालच्या पॉटचा असतो (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून विद्युत रोध कमी-जास्त करणारा भाग). आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची बारीक जीभ. मधे धूळ बसली की खरखर सुरू. पॉटच्या पायांजवळच्या फटीत काँटॅक्ट क्लीनर मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवला. टोनचा पॉट लगेच सुधारला. व्हॉल्यूमची पट्टीच झिजली होती, म्हणून तो पॉटच बदलला: पिकअप (तारांची कंपने पकडणारा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, त्यामुळे २५० के (किलोओहम), लॉग टेपर, म्हणजे नॉब फिरवताना कानाला आवाज सारखा बदलत जाणारा. लिनियरमध्ये (रोध सरळ प्रमाणात बदलणाऱ्या पॉटमध्ये) आवाज शेवटच्या टोकाला एकदम पडतो, मला ते अजिबात चालत नाही. आणि पॉटचा दांडा आधी मोजा; ६ मिमीचा नॉब ६.३५ मिमीच्या दांड्यावर बसत नाही.