रॅक पोचले, फायलीही चढल्या, पण दाखला काही निघेना

जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी, बोली, उलटा लिलाव (यात पुरवठादार दर खाली आणत जातात) हे सगळं बसल्या जागी झालं. त्याबद्दल तक्रार नाही. लिलावात दर असा घसरला की नफा नावालाच उरला, पण एका सरकारी कार्यालयाची स्टीलच्या रॅकची ऑर्डर मिळाली आणि माल मुदतीच्या आत पोचवला.

अडलं ते सीआरएसीवर, म्हणजे माल मिळाल्याच्या आणि स्वीकारल्याच्या दाखल्यावर. माल उतरल्यावर कार्यालयाने दहा दिवसांत तो तपासून पोर्टलवर हा दाखला द्यायचा, त्यानंतर दहा दिवसांत पैसे. नियम झकास आहे. मी चौकशीला गेलो तेव्हा आमच्या रॅकवर फायलींचे गठ्ठे चढलेले होते, खालच्या कप्प्यात कुणाची तरी छत्रीसुद्धा. पोर्टलवर मात्र माल स्वीकारलेलाच नव्हता. स्टोअरकीपर म्हणाले, "लॉगिन जुन्या साहेबांच्या नावावर आहे, त्यांची बदली झाली." नव्या साहेबांचं लॉगिन आलं तर तपासणी समितीतले एक सदस्य निवडणूक ड्युटीवर. ते परतले, तर साठा नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय सही करायची नाही म्हणे. आणि नोंदवही ऑडिटला गेलेली!

आम्ही चाकणच्या कंपन्यांनाही माल देतो. तिथे गेटवर चलनावर शिक्का बसतो, संध्याकाळपर्यंत जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती निघते. एक जण रजेवर असला तर दुसरा सही करतो. सरकारने खासगी कंपन्यांकडून दर पाडायचं तंत्र तेवढं उचललं, ही शिस्त नाही. इकडे माझं कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचललेल्या कर्जाचं व्याज चालूच. आता पुढच्या बोलीत ते दरात धरणार. म्हणजे लिलावात वाचवलेले पैसे सरकार दुसऱ्या खिशातून देणार.

शेवटी कामी आला लघुउद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमई कायदा. पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात. करारात काहीही लिहिलं असलं तरी पैशांना पंचेचाळीस दिवसांच्या वर मुदत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एवढंच लिहून पत्र आवक-जावकला दिलं, पोच घेतली आणि प्रत लेखाधिकाऱ्यांना. व्याजाचा आकडा त्यांच्या टेबलावर गेल्यावर नोंदवही सापडली आणि सह्याही झाल्या. खरं सांगतो, त्या दिवशी कॉलर ताठ करून बाहेर पडलो.

हो, उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) ऑर्डरच्या आधीचीच असलेली बरी, नंतर काढलेली या कामाला धरतीलच असं नाही. पत्राने हललं नाही तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, तो थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे जातो. आणि माल उतरवताना चलनावर नाव, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका. "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तर तिथेच थांबा. ते पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.