सुकट, ऊन आणि उशी

आज चिंगीला सलाईन लावताना पहिल्यांदाच माझा हात थरथरला नाही. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी शिकवलं होतं: मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा, सुई आडवी सरकवायची, कोमट केलेलं रिंगर लॅक्टेट 100 मिली सोडायचं. कातडीखाली पाण्याचा फुगा येतो आणि हळूहळू एका पायाकडे ओघळतो. 17 वर्षांची मांजर, दोन्ही किडन्या थकलेल्या. मांजरांचं असंच, किडनीचं निम्म्याहून जास्त काम बंद पडेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. आम्हाला वाटायचं, उन्हाळा आहे म्हणून पाणी जास्त पितेय.

आज वजन 2.3 किलो भरलं. डॉक्टर म्हणाले, "तिच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहून ठेवा. त्यातल्या दोन बंद झाल्या की मला फोन करा."

आईने कॅलेंडरच्या मागे लिहिलं: सुकट, गॅलरीतलं ऊन, बाबांची उशी. (यादीत मी नाही, याची नोंद घेतली आहे.)

सुकट गेल्या आठवड्यापासून बंद. पलंगावर उडी मारणंही आता जमत नाही, पण बाबाच उशी घेऊन खाली जमिनीवर झोपायला लागलेत. ते धरायचं की नाही, यावरून घरात वाद चालू आहे.