ग्रामसभेवर पीएच.डी. करताना: नागपूर जिल्ह्यातला माझा अनुभव

लोकशाही कारभारावर संशोधन करायला निघालेले बरेच जण 'लोकसहभाग' एवढा मोठा विषय घेऊन येतात. सल्लागार समितीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सहभाग मोजणार कशाने? मी साधा मार्ग धरला. ग्रामसभेत आलेली एक मागणी उचलायची आणि ती पैशापर्यंत पोचते की वाटेत हरवते, ते कागदोपत्री शोधायचं.

विद्यापीठाच्या पायऱ्यांवर फार लिहिण्यासारखं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आणि त्यात ५५ टक्के गुण. खरी मेहनत गावं निवडण्यापासून सुरू होते.

जिल्ह्यात १४ तालुके आहेत म्हणून प्रत्येकातून दोन-दोन गावं घेतली की नमुना झाला, असं होत नाही. हिंगण्याच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या ग्रामपंचायतीला कारखान्यांच्या कराचं स्वतःचं उत्पन्न असतं. भिवापूर-कुहीच्या आतल्या गावांचा बराचसा गाडा वित्त आयोगाच्या निधीवर चालतो. शहरालगतच्या गावांत लेआउट आणि बांधकामाची परवानगी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे असते, त्यामुळे तिथल्या सगळ्यात तापलेल्या विषयावर ग्रामसभेचा हात पोचतच नाही. म्हणून मी गावं उत्पन्नाच्या स्रोतावरून निवडली. गट ग्रामपंचायती, म्हणजे अनेक गावांची मिळून एकच ग्रामपंचायत असते त्या, वेगळ्या ठेवल्या, कारण सभा मुख्य गावात भरते आणि टोलीवरचे, म्हणजे लहान वस्तीवरचे, लोक कमी येतात.

प्रत्येक सभेची नोटीस, अजेंडा, हजेरी आणि प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) असे चार कागद लागतात. आधी तोंडी मागावेत, पूर्वीचे ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी पुष्कळदा दाखवतात. नाहीच मिळाले तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'पाच वर्षांची सर्व माहिती द्या' अशा अर्जावर 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. तारखा लिहून मागा, उदाहरणार्थ २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभांचं प्रोसिडिंग. सोबत मूळ वही पाहण्याचीही मागणी करा. झेरॉक्समध्ये न दिसणाऱ्या गोष्टी वहीत दिसतात.

त्या कोणत्या, हे नीट सांगायला हवं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे २,००० मतदारांच्या गावातही शंभरावर भागतं. हजेरीचा आकडा सभेमागून सभा शंभराच्या जरा वरच रेंगाळत असेल, सह्या मतदारयादीच्या क्रमाने असतील, एका वॉर्डाच्या सगळ्या सह्या एकाच पेनाच्या असतील, तर त्या घरोघरी फिरून घेतल्याची शक्यता मोठी. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून तहकुबीच्या सभा वेगळ्या मोजाव्यात. त्या सरासरीत मिसळल्या की सगळं चित्र बिघडतं. महिला सभेची तारीखही पाहावी. ती ग्रामसभेच्या आधी व्हायला हवी, पण दोन्हींची नोंद एकाच दिवशी, एकाच हाताची सापडते. अशा ठिकाणी बायकांशी स्वतंत्र बोलल्याशिवाय आकडा वापरू नये, आणि ते बोलणं सरपंचांच्या घरी तर नकोच.

पुढचा टप्पा आराखड्याचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वर्षभराच्या कामांच्या नियोजनाचा. हे आराखडे आणि खर्च ज्यावर दिसतात त्या केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गाव नावाने शोधू नका, एकाच नावाची कितीतरी गावं निघतात. एलजीडी कोड, म्हणजे प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला दिलेला सरकारी क्रमांक, वापरा. प्रोसिडिंगमध्ये 'वॉर्ड ३ ची नाली' असं लिहिलेलं काम पोर्टलवर नुसतं 'स्वच्छता' म्हणून येतं, तेव्हा रक्कम आणि वर्ष जुळवूनच ते ओळखावं लागतं. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला. म्हणून रस्त्याची मागणी आराखड्यात आली नाही तर लगेच 'गावाचं ऐकलं नाही' असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. मी हरवलेल्या मागण्यांची कारणं चार रकान्यांत टाकली: नोंदच नाही, आराखड्यात घेतली नाही, निधी बंधित होता, मंजूर होऊनही काम झालं नाही. चौथ्या रकान्यासाठी गावात जाऊन काम डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

अभ्यासाची वर्षं ठरवताना एक खाच लक्षात ठेवा. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. थेट निवडून आलेला सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचं असेल, तर ग्रामसभेतले ठराव एकमेकांना शह द्यायला होतात. अशा गावाची तुलना सदस्यांनी निवडलेल्या सरपंचाच्या गावाशी सरळ करता येत नाही.

प्रबंधात गावांना सांकेतिक नावं द्या आणि एलजीडी कोडची यादी फक्त मार्गदर्शकांकडे ठेवा. वॉर्ड, काम आणि वर्ष एकत्र छापलं की मागणी कोणी केली होती, हे गावाला लगेच कळतं.