कँटरबरीची पायवारी

इंग्लंडातल्या फार्नहॅम स्टेशनाजवळून नॉर्थ डाउन्स वे सुरू होतो. 246 किलोमीटरची ही पायवाट डोव्हरला समुद्रापाशी संपते. मला मात्र जायचं होतं कँटरबरीला, ख्रिस्ती यात्रेकरूंच्या जुन्या तीर्थाला. टाळ नाही, मृदंग नाही, पुढेमागे दिंडी नाही. तरी चढावर ‘ज्ञानोबा-तुकाराम’ आपोआप ओठांवर यायचं.

राष्ट्रीय पायवाट म्हणून तिचं उद्घाटन 1978 साली झालं, पण ती ज्या वाटेला धरून जाते ती इतिहासपूर्व काळातली. खडूच्या डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर, माथ्याच्या जरा खालून ती जुनी वाट जाते. तिथूनच का, हे पावसानंतर पायांना कळतं. खाली खोऱ्यात चिकणमाती, बूट ओढून घेणारी. वर खडूतून पाणी मुरून जातं. गुरं हाकणाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी कोरडी जमीन धरली, एवढं साधं.

नकाशावर या जुन्या वाटेचं नाव ‘पिलग्रिम्स वे’, म्हणजे यात्रेकरूंची वाट. ते रूढ झालं 19व्या शतकात, आणि मध्ययुगीन यात्रेकरू सरसकट इथूनच गेले याचा पुरावा तोकडा आहे. असू दे. नावामुळे तरी लोक चालतात.

एल्सफर्डजवळचं किट्स कोटी मला सगळ्यात आवडलं. तीन उभ्या शिळा, वर एक आडवी. नवाश्मयुगीन दफनस्थळाचा उरलेला भाग, भोवती लोखंडी कुंपण. त्याच डोंगराच्या पोटातून आता युरोस्टार रेल्वे जाते. पुढे केंटमधले लांबलचक टप्पे कंटाळवाणे. मोटारवेचा आवाज पाठ सोडत नाही. हॅरिएटशॅमजवळ बाकावर लाकडात कोरलेला एक यात्रेकरू विसावलाय. शेजारी बसून डबा खाल्ला. सोबत झाली!

कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये 29 डिसेंबर 1170 रोजी आर्चबिशप थॉमस बेकेटची राजाच्या सरदारांनी हत्या केली. 1173 मध्ये तो संत ठरला आणि रीघ लागली. 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने समाधी फोडली. आज त्या जागी एक मेणबत्ती जळते. कळस पाहून मान लववायची सवय असलेला मी थोडा गांगरलो. मग शेजारची फरशी पाहिली, गुडघ्यांनी झिजलेली. तिथे वाकलो.

बाहेर आवारात रोमला जाणाऱ्या व्हिया फ्रान्सिजेना या यात्रामार्गाचा आरंभदगड आहे. तिथे एक बाई बुटाच्या नाड्या आवळत होत्या. फार्नहॅमहून चालत आलो म्हटल्यावर ना देवाची चौकशी ना संताची. त्यांनी विचारलं, “चिखल किती होता?”