चार हजारात गळाचा संसार

बास मासा मी आयुष्यात डोळ्यानं बघितलेला नाही. तो तिकडं अमेरिकेतला, आपल्या येलदरी धरणात नाहीतर पूर्णा नदीत कुठून येणार. तरी रोज रात्री जेवण झालं की तास-दीड तास बास फिशिंगचे व्हिडिओ चालू असतात, बायको म्हणते परीक्षा आहे का, पण कारण सरळ आहे, त्यांचा बास आणि आपली मरळ ह्यांची खायची सवय चुलतभावासारखी. दोघं गवतात दबा धरून बसतात, वरून बेडूक गेला की झडप. त्यामुळं बाससाठी जो रॉड आणि जी रीळ (दोरा गुंडाळायचं यंत्र) ते सांगतात ती मरळीला चालते, फक्त त्यांचं बजेट डॉलरमधलं आणि आपलं सोयाबीनच्या भावावरचं.

पहिली चूक आधी सांगतो. दोन वर्षांमागं ऑनलाइन ‘फुल्ल किट’ घेतलं, १,१९९ रुपये. त्यात टेलिस्कोपिक रॉड, रीळ, दोरा, पिशवी, आणि कधीच न लागणारे वीसेक गळ. रिळीवर मोठ्या अक्षरात १३ बेअरिंग लिहिलेलं, आपण खुश. तिसऱ्या रविवारी रॉडच्या टोकाच्या रिंगमधली सिरॅमिकची चकती निघून गेली ती मला कळलीच नाही, खाली उघडी तार राहिली, तिच्यावर घासून घासून दोरा कापला आणि अंदाजे दीड किलोची मरळ माझा रबरी बेडूक तोंडात घेऊन जलपर्णीखाली गेली. महिन्याभरात रिळीचा मूठ सोडली की उलटी फिरायचा धंदा सुरू झाला. बाबा बांधावर बसून बघत होते, म्हणले, “काहून रं, बांबूला काय धाड भरली होती?” उत्तर नव्हतं माझ्याकडं.

ह्या वर्षी पेमेंट आल्यावर घरात ठरलं की ४,००० च्या वर एक रुपया नाही. मग मी शहाण्यासारखा आधी वहीत हिशोब मांडला.

सगळ्यात आधी बेटकास्टर नावाचा रिळीचा प्रकार कॅन्सल केला. दिसायला लई भारी, बासवाले सगळे तेच वापरतात, पण त्यात फेकताना स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेलं चाक, स्वतः फिरतो, लूर (गळाचं खोटं आमिष) हवेत मंदावला आणि स्पूल फिरतच राहिला की आत दोऱ्याचं घरटं होतं, ते सोडवण्यात अर्धी सकाळ जाते. महागड्या रिळीचे ब्रेक चांगले असतात म्हणून त्यांना जमतं. स्वस्तातला बेटकास्टर म्हणजे विकतचं दुखणं. स्पिनिंग रिळीत फेकताना स्पूल जागेवर राहतो, दोरा नुसता सुटत जातो, नवशिक्याला आणि कमी पैशाला हीच बरी. साइज २५०० किंवा ३००० बघा, त्याच्या वर हाताला ओझं. गिअर रेशो ५.२:१ असला तरी पुष्कळ, म्हणजे मूठ एकदा फिरवली की दोरा गुंडाळणारा रोटर पाच वेळा आणि थोडा जास्त फिरतो.

बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका हे तर मी आता गावभर सांगत फिरतो. शिमानो कंपनीची सिएना रीळ ३+१ बेअरिंगवर चालते आणि लोक वर्षानुवर्षं वापरतात. तीन चांगली बेअरिंग तेरा भंगारापेक्षा कधीही बरी. दुकानात रीळ हातात घेतली की मूठ पुढं-मागं हलवून बघा, लई खटखट झाली तर ठेवून द्या. मग ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा किती जोरावर सुटायचा ते ठरवणारा ब्रेक, थोडा सैल करून दोरा हातानं ओढा, तो एकसारखा सुटला पाहिजे, आधी अडकून मग झटका देऊन सुटत असेल तर मोठा मासा त्याच झटक्याला दोरा तोडणार. मी परभणीतल्या दुकानात हे करत होतो तर दुकानदार म्हणतो, “भाऊ, घ्यायची का नुसतीच फिरवायची?” घेतली, १,६५० ला, मोठ्या कंपनीची सगळ्यात खालची.

रॉडचं जरा समजून घ्या, इथंच लोकांचा घोळ होतो. पॉवर म्हणजे रॉडमध्ये ताकद किती, ॲक्शन म्हणजे तो वाकतो कुठं. फास्ट ॲक्शन शेंड्याकडं वाकतो, म्हणून झटका दिला की गळ लगेच बसतो. मरळीचं तोंड टणक, आणि ती लागली की गवतात घुसते, तिथून ओढून काढायची म्हणजे मीडियम-हेवी पाहिजे. नुसतं चिलापी-रोहू करायचं असेल तर मीडियम पुष्कळ. निव्वळ ग्राफाइटचा रॉड हलका असतो, बारीक टोच हाताला कळते, पण बाइकच्या स्टँडखाली आला की संपला. फायबर आणि ग्राफाइट मिसळलेला थोडा जड पण चिवट, अमेरिकेत अग्ली स्टिक नावाचे रॉड १९७६ पासून ह्याच मिश्रणावर चाललेत. मी तसलाच घेतला, साध्या कंपनीचा, ७ फुटी, दोन तुकड्यांचा, १,३०० रुपये. एकसंध रॉड भारी असतो म्हणतात, असेल बुवा, पण मला जिंतूरच्या एसटीत बसायचंय.

अजून एक, प्रत्येक रिंगमधून कान साफ करायची कापसाची काडी फिरवायची, कापूस अडकला की आत चीर आहे समजा. माझं ११९९ चं शिक्षण हे.

रॉडवर बारीक अक्षरात लूरचं वजन लिहिलेलं असतं ते वाचा. १/४ ते ३/४ औंस असेल तर साधारण ७ ते २१ ग्रॅम. बारा-चौदा ग्रॅमचा रबरी बेडूक त्यात बरोबर बसतो.

दोऱ्यात एक जुगाड आहे. ब्रेड म्हणजे वेणीसारखा विणलेला दोरा, तो महाग, आणि कोऱ्या स्पूलवर गुंडाळला तर घसरतो. म्हणून खाली जुना नायलॉनचा दोरा भरायचा, त्याला गाठ मारून वर १०० मीटर ब्रेड. मला ४५० लागले, नायलॉन त्या जुन्या किटमधलाच, तेवढं एक कामाला आलं. स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची, तुडुंब भरलं की भसाभस सुटतो. दोन बेडूक ३००, पक्कड १२०. झाले ३,८२०. उरलेल्या १८० ची आम्ही येताना भजी खाल्ली.

बाबांना मी जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली. १९३२ साल, तिकडं मंदी, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ह्या गड्यानं २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, म्हणजे १० किलोच्या थोडा वरच. दोघा मित्रांत मिळून रॉड एक आणि लूरही एकच, आळीपाळीनं टाकायचे. ७७ वर्षांनी, २००९ ला, जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिता यांनी त्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग त्या माशाचं काय केलं?” घरी नेऊन खाल्ला म्हणलं. “मग शहाणा होता.”

आमच्या पाझर तलावावर मासेमारीचा ठेका सोसायटीकडं असतो, त्यामुळं आधी विचारून जातो, आणि पावसाळ्यात लाल पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला की तिथं बेडूक टाकत नाही, खाली आई-बाप राखणीला असतात. बाकी दिवशी मरळ श्वास घ्यायला वर येते, बुडबुडा दिसला की बेडूक दोन हात पुढं टाकायचा आणि सावकाश ओढत आणायचा. तिनं धरला तरी लगेच झटका द्यायचा नाही, मनात एक-दोन म्हणायचं आणि मग. हे एक-दोन मला अजून जमत नाही. मागच्या रविवारी तीनदा झडप आली, तीनही वेळा मी घाई केली, एक बेडूक बेशरमाच्या झुडपात लटकलाय तो अजून तिथंच आहे. बाबांनी तेवढ्या वेळात बांबूला कणिक लावून अकरा चिलाप्या काढल्या, आणि कालवण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.