आडनावांची वही : ‘रेझनिक’चा गुंता कुठवर सुटला

या खेपेला वहीत ‘रेझनिक’ घेतलंय. सगळी रूपं आधी एकाच ढिगात टाकली होती, आता त्यांचे तीन ढीग झालेत. ते कसे पाडले, तेवढं सांगतो.

मुळाबद्दल वाद नाही. चेक, पोलिश, युक्रेनी या सगळ्यांत हा शब्द खाटकाचा. ख्रिस्ती घराण्यांना ते धंद्यावरून चिकटलं, जसं कुठेही चिकटतं. ज्यू घराण्यांत मात्र तो माणूस शोखेत, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे जनावर कापणारा. रशियनमध्ये साध्या खाटकाला ‘म्यासनिक’ म्हणतात आणि ‘रेझनिक’ म्हटलं की बहुधा शोखेतच डोळ्यांसमोर येतो.

हा शोखेत शिकलेला माणूस असे. शास्त्राची परीक्षा देऊन, रब्बीकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूकडून, परवाना घेऊन मगच तो सुरी हातात धरी. कापण्याआधी पात्याची धार बोटाच्या मांसावर आणि नखावर हलकेच फिरवून बघायची. नखाला जाणवेल न जाणवेल एवढी खाच लागली तरी ती सुरी बाद. कापल्यावर फुप्फुसं हातानं चाचपून दोष शोधायचा. गावाचं कोशर, म्हणजे ज्यू धर्माला चालणारं मांस या एका माणसाच्या शब्दावर चाले. म्हणून वहीत नुसतं ‘खाटीक’ लिहून थांबायला माझं मन घेत नाही.

आता काळ. पूर्व युरोपातले बहुतेक ज्यू ‘अमक्याचा मुलगा तमका’ एवढ्यावरच भागवत. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसऱ्या जोसेफनं 1787 मध्ये जर्मन आडनावं सक्तीची केली, तर रशियात 1804 च्या कायद्यानं आडनाव आलं. त्यामुळे ऑस्ट्रियाकडच्या गॅलिशियात (आजचा दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेन) त्याच धंद्यातलं घराणं ‘शेख्टर’ झालं आणि सीमेपलीकडे रशियन अमलातल्या युक्रेन-बेलारूसमध्ये ‘रेझनिक’. (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी पेणकर, रोहेकर अशी गावावरून नावं घेतली. तिथे नाव गाव दाखवतं, इथे काम आणि राज्य.)

या वेळी सर्वांत जास्त वेळ गेला तो डाइच-मोकोटॉफ पद्धतीवर. सारख्या उच्चाराची ज्यू आणि स्लाव्ह नावं एका आकड्याखाली आणणारी ही सहा अंकी पद्धत 1985 ची. हातानंच आकडे लावले. मधले स्वर सोडायचे. र 9, झ 4, न 6, क 5, उरलेल्या जागी शून्यं, म्हणजे रेझनिक 946500. अमेरिकन ‘रेस्निक’ शेवटी बहुधा सी-के लिहितात. त्या जोडीला दोन पर्याय असल्यानं 946500 आणि 946450 असे दोन आकडे निघतात, पैकी पहिला जुळतो. रेझनिकोव आणि जुन्या धर्तीचं रेझनिकॉफ, दोन्ही 946570. पोलिश रूप मात्र निसटतं. त्याच्या सुरुवातीची आर-झेड ही जोडी ‘झ’सारखी उच्चारतात, म्हणून जोडी एक धरली तर आकडा येतो 446500 आणि दोन अक्षरं सुटी धरली तर 944650. एकही मूळ आकड्याशी जुळत नाही. तेव्हा पोलिश नोंदींचा शोध वेगळाच घ्यावा लागतो, हे पक्कं लक्षात ठेवा.

ओळखीची माणसं ढिगांत बसवून पाहिली. 1984 मध्ये अंतराळात गेलेली आणि 1986 मध्ये चॅलेंजर यानाच्या अपघातात गेलेली ज्युडिथ रेस्निक ज्यू, ती पहिल्या ढिगात. 1894 मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मलेले कवी चार्ल्स रेझनिकॉफही ज्यू. पण बफेलोचा रॉक गायक जॉन रेझनिक पोलिश कॅथलिक घरातला, त्याच्या नावात ती आर-झेड अजून शाबूत आहे, म्हणून तो दुसऱ्या ढिगात. तिसऱ्या ढिगात प्रत्यय लागलेली रूपं ठेवलीत : चेक लघुरूप ‘रेझ्निचेक’ (1860 मध्ये व्हिएन्नात जन्मलेले संगीतकार एमिल फॉन रेझ्निचेक इथले) आणि युक्रेनी ‘रेझ्निचेंको’, म्हणजे रेझनिकचा मुलगा.

एक समज इथेच खोडून ठेवतो. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी होई, तिथल्या कारकुनांनी नावं बदलली, असं घरोघरी सांगतात. त्यांच्यापुढे जहाज कंपनीनं निघतानाच केलेली यादी असे आणि ते त्यावरून माणसं तपासत. स्पेलिंग बहुतेकांनी पुढे स्वतःच अमेरिकी वळणाचं केलं.

नुसत्या आडनावावरून धर्म ठरवू नये, या मताला मी आता ठाम आलोय. दप्तर कोणाचं ते आधी पाहावं. रशियन साम्राज्यात जन्ममृत्यूच्या वह्या धर्मावार वेगळ्या होत्या. ज्यू वहीत एका बाजूला रशियन आणि दुसऱ्या बाजूला हिब्रू मजकूर असे, तर चर्चच्या वहीत हिब्रूचा मागमूस नाही.

पुढे 1834 आणि 1858 च्या रशियन शिरगणतीच्या याद्या घेणार आहे. हाताने लिहिलेली सिरिलिक, म्हणजे रशियन लिपी, वाचण्याचा सराव कुणाला असेल, तर सोबत बसूया. ‘शेख्टर’ घराण्यांवर कुणी काम करत असेल, तर गॅलिशियाची बाजू त्यांनी घ्यावी.